नाताळच्या सकाळी अकरा माणसांचा फ्रेंच टोस्ट: बाहेरून करपतो, आतून लगदा का राहतो

प्रश्न थोडक्यात असा आहे की सुट्टीला मुंबई-पुण्याहून नणंद, दीर, जावा, पोरंटोरं मिळून अकरा माणसं देवगडच्या घरी जमणार, २५ तारखेच्या सकाळी सगळ्यांना फ्रेंच टोस्ट घालायचाय. मागच्या वर्षी केला तर बाहेरून काळा, आतून लगदा, आणि वर अंड्याचा वशट वास. घरात छोटा ओटीजी (विजेवरचा ओव्हन) आहे पण लाइटचा भरवसा नाही, आणि सासूबाई मार्गशीर्ष पाळतात.

ताई, मी वेंगुर्ल्याजवळ होमस्टे चालवते, चौदा वर्षं सकाळचा नाश्ता माझ्याच हातचा असतो आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात रोज वीस-बावीस पानं असतात. तुम्ही जे सांगितलंत ते सगळं माझंही झालंय, पहिल्या वर्षी तर गेस्टने प्लेटमधला टोस्ट काट्याने दाबला आणि त्यातून दूध बाहेर आलं, ते मी लांबून बघत होते. म्हणून आधी एकच गोष्ट सांगते, बाकी सगळं तिच्या मागून येतं. तुमचं अंड्याचं मिश्रण चुकलेलं नाहीये, तुमचा ब्रेड ओला होता.

सगळीकडे लिहिलेलं असतं, शिळा ब्रेड घ्या. बरोबर आहे, फ्रेंच लोकांत या पदार्थाच्या नावाचा अर्थच मुळी वाया गेलेला ब्रेड असा होतो, कडक झालेला ब्रेड टाकायचा नाही म्हणून दुधात भिजवून तळायचा. पण ते ज्या हवेत सांगितलंय तिथे थंडीत ब्रेड रात्रभर बाहेर ठेवला की खडखडीत वाळतो. आपल्याकडे काय होतं? खारीचा डबा जरा उघडा राहिला तर दुपारपर्यंत खारी मऊ, मिठाच्या बरणीत पाणी, पहाटे अंगणात दहिवर पडलेलं. या हवेत ब्रेड बाहेर ठेवला तर तो वाळत नाही, चिवट होतो आणि तिसऱ्या दिवशी बुरशी धरतो. मग लोक म्हणतात फ्रीजमध्ये ठेवू. फ्रीजमध्ये ब्रेड कडक लागतो खरा, पण ते वाळणं नव्हे, आतला स्टार्च थंडीत घट्ट बसतो एवढंच, पाणी आतल्या आतच असतं आणि तवा लागला की परत मऊ. साध्या ब्रेडमध्ये वजनाच्या एक तृतीयांशाहून जास्त पाणीच असतं. त्या भरलेल्या स्पंजमध्ये अजून दूध कुठे जाणार, ते वरच्या थरातच राहतं, तो थर फाटतो आणि मध्ये गिच्च.

म्हणजे शिळा नको, कोरडा हवा, आणि तो मुद्दाम कोरडा करावा लागतो. आदल्या संध्याकाळी बेकरीत सांगून न कापलेला लोफ आणा, घरी दातेरी सुरीने बोटाएवढे जाड, दोन सेंटिमीटरचे स्लाइस करा, जाळीवर पसरून पंख्याखाली ठेवा. सकाळी उठल्या उठल्या ओटीजीत १२० वर दहा-बारा मिनिटं, मध्ये एकदा उलटून. लाइट गेली तर कोरड्या तव्यावर अगदी मंद आचेवर दोन्ही बाजूंनी दोन-दोन मिनिटं. रंग यायला नको, हात लावला की वरून रस्कसारखा आणि दाबला की आत जरासा नरम, एवढंच. ही पायरी गाळली तर खाली जे लिहिलंय ते वाचून काही उपयोग नाही, सरळ घावन करा.

आता ब्रेड कुठला. पाकिटातला पातळ मिल्क ब्रेड चालतो पण तो दहा सेकंदांच्या वर मिश्रणात ठेवायचा नाही, सणाचा टोस्ट म्हणून तो काही दिसत नाही. लादीपाव मला मनापासून आवडतो, उभा मधोमध कापायचा म्हणजे दोन जाड तुकडे मिळतात, कापलेली बाजू पटकन पिते आणि वरची तपकिरी साल आकार धरून ठेवते. गोड बन असेल तर उत्तमच, पण त्यात साखर आणि तूप-लोणी आधीच असतं म्हणून तो लवकर लाल होतो, आच अजून कमी. कडक पाव मात्र नको, त्याची साल भिजत नाही आणि आजीआजोबांचे दात आहेत घरात. (पाव हा शब्दच पोर्तुगीजांचा, आणि त्यांच्याकडे नाताळला असाच दुधा-अंड्यात भिजवून तळलेला ब्रेड दालचिनी-साखरेत घोळवून खातात. इकडे रेवदंड्याजवळ कोर्लईत अजून पोर्तुगीजमधून आलेली बोली घराघरात बोलतात, तेव्हा हा पदार्थ आपल्या किनाऱ्याला अगदीच परका आहे असं मी तरी समजत नाही.)

मिश्रणाचं माप. जाड स्लाइस नीट वाळलेला असेल तर साधारण ५० ते ५५ मिली पितो. अकरा माणसं, दोन-दोन धरले तर बावीस स्लाइस, म्हणजे सव्वा लिटरच्या आतबाहेर. त्याला दहा अंडी, ७०० मिली फुल क्रीम दूध, चार टेबलस्पून साखर, पाऊण टीस्पून मीठ. मीठ विसरू नका, त्याशिवाय सगळं मिळमिळीत लागतं. साखर याहून वाढवू नका, गोडवा वरून घालायचाय, आतली साखर तव्यावर करपते आणि तुमचा काळा रंग बराचसा तिथूनच आलेला असणार. दूध थंडच घ्या किंवा फार तर कोमट.

वशट वासाचं सांगते. एक म्हणजे अंड्याचा पांढरा बलक नीट फेटला जात नाही, त्याच्या चिकट दोऱ्या राहतात, त्या ब्रेडमध्ये न जिरता वर पांढऱ्या डागासारख्या शिजतात आणि वास त्यांचाच येतो. म्हणून आधी नुसती अंडी, मीठ आणि साखर फेटायची, मग थोडं थोडं दूध, आणि शेवटी चहाच्या नाही, पिठाच्या चाळणीतून गाळायचं. दुसरं म्हणजे मोठी आच, अंडं जास्त तापलं की तो उग्र वास सुटतोच. तिसरं जायफळ. बावीस स्लाइसला पाव जायफळ ताजं किसून. आपल्याकडे नारळी-सुपारीच्या बागेत सावलीला जायफळ होतं, दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण सुगंधा’, ‘कोकण स्वाद’ अशा जाती काढल्यात, कुणाच्या बागेतलं मिळालं तर बाजारातली पूड आणूच नका. दालचिनी घालणार असाल तर पातळ पापुद्र्यांच्या सुरळीसारखी असते ती घ्या, जाड लाकडासारखी असते ती तिखट लागते. आणि दालचिनीची पूड थेट दुधात टाकली की वर तरंगते, मग पहिल्या चार स्लाइसना सगळी दालचिनी आणि बाकीच्यांना काहीच नाही, म्हणून ती आधी साखरेत कोरडीच मिसळून घ्यायची.

भिजवणं. पसरट ताटात मिश्रण ओता, जाड वाळवलेला स्लाइस एका बाजूने दोन मिनिटं, उलटून दोन मिनिटं. पावाला अर्धा-अर्धा मिनिट पुरे. उचलताना मधून वाकायला हवा पण तुटायला नको. ताटावर धरून जास्तीचं गळू द्या, नाहीतर तव्यावर बाजूने ऑम्लेटची झालर तयार होते, पोरं ती आवडीने खातात ते वेगळं.

तवा. पहिली गोष्ट, ज्या तव्यावर बांगडे-सुरमई तळता तो नको, कितीही घासला तरी. मी हे हसण्यावारी सांगत नाहीये, मागे एकदा माझ्याकडे कामाला असलेल्या मुलीने चुकून तोच तवा घेतला आणि व्हॅनिला घातलेला टोस्ट खाताना एका गेस्टने विचारलं, यात सुकट आहे का. घावनाचा बिडाचा तवा सगळ्यात चांगला, तो उष्णता धरून ठेवतो, फक्त घावनाला कांदा फिरवता तो आज फिरवू नका. नॉनस्टिकही चालेल. आच मंद ते मध्यम यांच्या मध्ये आणि तिथेच सोडायची, घाई झाली म्हणून वाढवायची नाही. कारण काय, तर दूध-साखर मिसळलेलं अंडं आतून धरायला ८० अंशांच्या आसपास उष्णता मध्यापर्यंत पोचावी लागते, आणि मोठ्या आचेवर तव्याचा पृष्ठभाग २०० च्या वर जातो, वरचा थर करपून मोकळा होतो तेव्हा आत अजून थंड दूध असतं. जाड स्लाइसला पहिली बाजू चार मिनिटं, दुसरी तीन. शंका वाटली तर दुसऱ्या बाजूला एक मिनिट झाकण ठेवा, मग काढून अर्धं मिनिट उघडं, नाहीतर वाफेने साल मऊ पडते. मधोमध बोटाने दाबून बघा, उसळी मारून वर आलं पाहिजे. खड्डा राहिला तर अजून कच्चा.

तळायला नुसतं बटर घेऊ नका, त्यात दुधाचा घन भाग असतो तो जळून काळे ठिपके पडतात. घरचं तूप घ्या, आणि बटरचा वास हवाच असेल तर उतरवायच्या आधी अर्ध्या मिनिटात छोटा तुकडा सोडा. दर खेपेनंतर तवा कागदाने पुसा, जुने कण करपून पुढच्याला चिकटतात. शेवटी हवं तर वरून चिमूटभर साखर भुरभुरून त्या बाजूने वीस सेकंद, काचेसारखा कुरकुरीत थर येतो, पण हे शेवटच्या वीस सेकंदातच करायचं, तिथून हलायचं नाही, फोन वाजला तरी.

अकरा माणसांचं गणित आता बघा, खरी तारांबळ तिथेच उडते. एका तव्यावर चार, दोन तवे म्हणजे आठ, एक खेप आठ मिनिटांची, बावीसला तीन खेपा म्हणजे पंचवीस मिनिटं. झालेले टोस्ट कॅसरोलमध्ये एकावर एक रचू नका, चपातीची सवय असते आपल्याला पण टोस्टला तीच वाफ मारते. ओटीजी ९० ते १०० वर, आत जाळी, जाळीवर एकेक सुटा. लाइट नसेल तर सगळ्यांना एकदम वाढायचा हट्ट सोडा, पोरांची पंगत आधी, मोठ्यांची मागून.

किंवा मी आठ-नऊ वर्षांपूर्वी लाइट गेली म्हणून जे केलं आणि आता लाइट असतानाही करते ते करा. मोदकपात्र काढा. भिजवलेले जाड स्लाइस तूप लावलेल्या थाळीत एका थरात ठेवून बारा ते पंधरा मिनिटं वाफवायचे, वर कापड बांधायचं म्हणजे झाकणाचं पाणी टपटप पडत नाही. आतलं सगळं कस्टर्डसारखं धरतं, कच्चं राहायचा प्रश्नच उरत नाही. पाच-सात मिनिटं उघड्यावर ठेवून वाफ जाऊ द्या आणि मग तुपावर मध्यम आचेवर फक्त रंग येईपर्यंत, बाजूला मिनिट-दीड मिनिट. वाफवायचं काम मंडळी अंघोळी करत असताना उरकतं आणि पानं मांडली की तव्याचं काम सात-आठ मिनिटांच्या खेपेऐवजी तीन मिनिटांवर येतं. साल थेट तळलेल्याएवढी कुरकुरीत होत नाही, हे खरं आहे, पण अकरा माणसांत मी हाच मार्ग घेईन.

आता वरून काय, आणि सण तो इथेच दिसतो. मेपल सिरपची बाटली शोधत कणकवलीपर्यंत जाऊ नका. ताई, खापरोळी करता ना तुम्ही? जाळीदार खापरोळी गोड रसात बुडवून खातो, शिरवाळे, म्हणजे तांदळाच्या शेवया, त्याच रसाबरोबर खातो, मग फ्रेंच टोस्ट म्हणजे वेगळं काय आहे, तोच रस करा. मोठ्या नारळाचं पहिलं दाट दूध एक वाटी बाजूला, दुसऱ्या पाण्याचं दोन वाट्या, त्यात १५० ग्रॅम गूळ विरघळवून गाळून उकळायचं, एक चमचा तांदळाचं पीठ पाण्यात कालवून लावायचं म्हणजे टोस्टवर थांबतं, पळत नाही. वेलची, कणभर मीठ, आणि आच बंद करून मग दाट दूध. दाट दूध घातल्यावर उकळी आली तर फुटतं. गूळ गाईम्हशीच्या दुधात उकळू नका, नासतं बऱ्याचदा, नारळाच्या दुधाला ती भीती नाही. हा रस आदल्या रात्री पहिल्या टप्प्यापर्यंत करून ठेवला तरी चालतो, सकाळी गरम करून दाट दूध घातलं की झालं.

लाल रंग हवा म्हणून दुसरी वाटी कोकमाची. गोड कोकम सिरप अर्धी वाटी, दालचिनीचा तुकडा टाकून निम्मं होईपर्यंत आटवायचं, शेवटी लोण्याचा छोटा गोळा. गोड सिरपच, आगळ नव्हे! आगळात मीठ असतं, आणि दोन्ही बाटल्या सारख्याच दिसतात, माझ्या घरच्या माणसाने एकदा आगळ आटवून टोस्टवर ओतलं होतं, त्या दिवशी सोलकढीचा वाढदिवस आहे असं सगळे म्हणाले. पांढरा नारळ, लाल कोकम, वर भाजलेले काजू आणि पिस्त्याचे काप, ताटच नाताळचं दिसतं. केळी तुपात दोन्ही बाजूंनी परतून थोडा गूळ घालून ठेवली तर पोरं टोस्टही विसरतात. हापूसचा या दिवसांत पत्ता नसतो, डब्यातला गोड आमरस असेल तर तो चमच्याने, ओतू नका. मोरंबा आणि चक्का एकत्र करून दोन पातळ स्लाइसमध्ये भरून कडा दाबून केला तर भरलेला टोस्ट होतो, सुंदर लागतो, पण बावीस नका करू, वेड लागेल. दोन-चार करून कापून सगळ्यांना तुकडा-तुकडा द्या.

सासूबाईंचं. मार्गशीर्ष असेल तर त्यांच्यासाठी वेगळा तवा, वेगळं उलथनं, आणि अंडं फोडायच्या आधी त्यांचं करून घ्या, नंतर नाही. चार-सहा स्लाइसना सव्वा वाटी थंड दूध, तीन टेबलस्पून व्हॅनिला कस्टर्ड पावडर, दोन टेबलस्पून साखर, चिमूट हळद नको, पावडरीतच रंग असतो. पावडर तळाशी बसते म्हणून प्रत्येक स्लाइसच्या आधी ढवळा, आणि भिजवणं अगदी पटकन, इथे धरून ठेवायला अंडं नाही. तुपावर मंद आचेवर जरा जास्त वेळ, नाहीतर कच्च्या पिठाची चव राहते. खरं सांगायचं तर नारळाच्या रसाबरोबर हा टोस्ट अंड्याच्या टोस्टाला कमी नाही, माझ्याकडे शाकाहारी गेस्ट आले की मी तोच करते आणि मग बाकीचेही मागतात.

तिखट फ्रेंच टोस्ट मागणारा एक तरी दीर असतोच. साखर घालायच्या आधी दोन अंड्यांचं मिश्रण वेगळं काढा, बारीक कांदा, मिरची, कोथिंबीर, झालं.

आणि बावीस हा आकडा मी तुमच्या अकरावरून धरला, पण नुसतं गोड खाऊन मालवणी माणसाचं पोट भरत नाही, अकरा वाजता परत स्वयंपाकघरात डोकावतात काय आहे म्हणून. बाजूला काळ्या वाटाण्याचं सांबारं नाहीतर साधी चवळीची उसळ ठेवा, रात्रीच करून ठेवलेली, मग माणशी दीड टोस्ट पुरतो, सतरा-अठरा स्लाइस आणि सात-आठ अंडी. दूध त्याच हिशोबाने साडेपाचशे मिली.

रात्रीचं काम म्हणजे लोफ कापून पंख्याखाली, नारळ खवून पहिलं-दुसरं दूध काढून फ्रीजमध्ये, गूळ चिरून, काजू भाजून, उसळ. अंडी रात्री फोडून ठेवू नका, सकाळी पाच मिनिटांचं काम आहे. शेजारी ख्रिश्चन घर असेल तर सकाळी नेवऱ्या-कुलकुलांचं ताट येईलच, त्यांचं ताट रिकामं परत पाठवायचं नसतं म्हणून चार स्लाइस जास्तीचे वाळवून ठेवा.